निवाडा कोणाचा? – ‘सखाराम बाइंडर’मधील अत्याचार आणि प्रेक्षकाची नैतिक भूमिका

विजय तेंडुलकरांच्या नाटकांवर मराठीत जे लेखन झाले त्याचा मोठा भाग लेखकाच्या धाडसाविषयी आहे. काही भाग सेन्सॉरविषयी आहे, काही भाषेविषयी. प्रेक्षकाविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले. ‘सखाराम बाइंडर’ पाहताना प्रेक्षक हादरतो, हे सर्वांनी मान्य केले. तो नेमका कशाने हादरतो याचा शोध बहुतेकांनी घेतला नाही. शिवराळ भाषा, दारू, लग्नाशिवायचा संसार, रंगमंचावरील मारहाण ही कारणे लगेच सुचतात, आणि १९७२ सालचा सारा वाद याच कारणांभोवती फिरला. परंतु ही कारणे खरी असती तर नाटक पन्नास वर्षांत जुने व्हायला हवे होते. आजचा प्रेक्षक यापैकी कशानेच हादरत नाही. तरीही शेवटच्या प्रवेशात तो अस्वस्थ होतो, आणि आपल्या अस्वस्थतेचे कारण त्याला चटकन सांगता येत नाही. अत्याचाराचे नाटक म्हणून ‘बाइंडर’चा विचार करायचा तर सुरुवात या न सांगता येणाऱ्या कारणापासून करावी लागेल.

वादाचा इतिहास परिचित आहे. त्याची उजळणी थोडक्यात पुरे. कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ मध्ये नाटक रंगमंचावर आले. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा आणि कुसुम कुलकर्णी लक्ष्मी होत्या. तेरा प्रयोगांनंतर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे प्रयोग थांबले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात ही हकिकत नोंदवली आहे. या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. नाटकाच्या अखेरीस एका स्त्रीचा गळा दाबून खून होतो आणि दुसरी स्त्री, जी अहोरात्र देवाचे नाव घेते, ती त्या खुनाला धर्माची मान्यता देऊन प्रेत पुरण्याची तयारी करते. नाटकातील सर्वांत भयंकर घटना हीच. आणि वादाचा मुख्य रोख मात्र हिच्याकडे नव्हता. विवाहसंस्थेचा अपमान झाला म्हणून रागावलेल्यांना, विवाहाचे चिन्ह गळ्यात बाळगणारी स्त्रीच खुनाची समर्थक ठरते, हे फारसे खुपले नाही. ही केवळ नजरचूक मानता येणार नाही. ज्या नैतिक दृष्टीची परीक्षा हे नाटक घेते, तिच्याच आंधळ्या जागेवर हा प्रवेश घडतो.

नाटकाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बुकबाइंडर सखाराम नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणतो. लक्ष्मी ही सातवी. त्याचे नियम तो पहिल्या प्रवेशातच सांगतो: दोन वेळचे अन्न मिळेल, अंगावर वस्त्र मिळेल, घरकाम करावे लागेल, शय्येवर नकार चालणार नाही, पटले नाही तर लुगडे आणि गाडीभाडे घेऊन वाटेला लागावे. या भाषणाला प्रेक्षागृहात हशा मिळतो. तो मिळावा अशीच त्याची लय आहे. येथे निळू फुले यांची निवड केवळ अभिनयगुणांमुळे महत्त्वाची ठरत नाही. फुले सेवादलाच्या कलापथकातून, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या वगातून आलेले नट. बाहेरच्या जगाच्या ढोंगावर बोट ठेवणाऱ्या सोंगाड्याच्या पाठीशी मराठी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या उभा राहत आला आहे. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते, तिथल्या फडांनी हा प्रेक्षक घडवला आहे. वगात सोंगाडी राजाची फजिती करतो तेव्हा न्याय त्याच्या बाजूला असतो. सखारामही ढोंगी नवऱ्यांची फजिती करतो. प्रेक्षक जुन्या सवयीने त्याच्या बाजूने हसतो आणि हसता हसता एका करारावर सही करून बसतो. सखाराम निदान खोटे तरी बोलत नाही, हा त्याचा पहिला निवाडा. त्या खरेपणाची किंमत कोण देते आहे, हा प्रश्न हशाच्या आवाजात ऐकू येत नाही.

(तमाशा आणि ‘बाइंडर’ यांचा हा संबंध अलीकडे रंगकर्मींच्याही ध्यानात आला आहे. सुनील शानबाग यांनी २००९ मध्ये बसवलेल्या ‘सेक्स, मॉरॅलिटी अँड सेन्सॉरशिप’ या प्रयोगात ‘बाइंडर’चा वाद आणि तमाशाचे शुद्धीकरण यांची कथा एकत्र गुंफली होती. समीक्षेपेक्षा प्रयोग पुढे असल्याचे हे एक उदाहरण.)

दुसरा निवाडा लक्ष्मीविषयीचा. ती मुंगीशी बोलते, पूजा करते, मार खाते, रात्री-अपरात्री सखारामच्या हुकुमावरून हसते. अत्याचाराच्या चित्रणात हुकुमावरून हसण्याचा हा प्रसंग मारहाणीपेक्षा अधिक क्रूर आहे. मारणारा शरीरावर ताबा मिळवतो, हसवणारा आनंदावरही. प्रेक्षकाची करुणा इथे पूर्णपणे लक्ष्मीकडे जाते, आणि ती जायलाच हवी. पण करुणेबरोबर आणखी एक गोष्ट नकळत जाते: जो सोसतो तो चांगला असतो, ही आपल्या संस्कृतीत मुरलेली समजूत. लक्ष्मी सोसते, म्हणून ती सत्त्वशील. तिची पूजाअर्चा या सत्त्वशीलतेचा पुरावा. नाटककार हा पुरावा प्रेक्षकाच्या हाती मुद्दाम पडू देतो.

गणपतीच्या आरतीचा प्रसंग या संदर्भात बारकाईने वाचला पाहिजे. सखारामचा मित्र दाऊद आरतीला उभा राहतो. तो मुसलमान आहे, म्हणून लक्ष्मी हरकत घेते. सखाराम संतापतो आणि तिला मारतो. या एका प्रसंगात प्रेक्षकाच्या दोन मूल्यनिष्ठा एकमेकींवर आदळतात. स्वतःला पुरोगामी समजणाऱ्याला सखारामचा मुद्दा पटतो, आणि मुद्दा पटल्यामुळे मार अर्धा क्षम्य वाटतो. श्रद्धाळू प्रेक्षकाला मार असह्य होतो, आणि मार असह्य झाल्यामुळे लक्ष्मीचा द्वेष दिसेनासा होतो. दोघेही अर्धेच पाहतात. मार खाणारी स्त्री त्याच क्षणी दुसऱ्या माणसाला माणसांतून वगळत असू शकते, आणि तिने वगळले म्हणून तिला मारण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही, ही दोन विधाने एकाच वेळी मनात धरणे कठीण असते. पुढे नाटक प्रेक्षकाकडून जी मागणी करणार आहे तिची ही पहिली तालीम होय. बहुतेक प्रेक्षक तिच्यात नापास होतात. प्रयोग पुढे जातो.

चंपा आल्यावर तराजू उलट दिशेने झुकतो. ती फौजदार शिंदेला सोडून आलेली. तोंडाळ, आळशी, निर्भीड. घरी आलेल्या नवऱ्याला ती लाथा-बुक्क्यांनी तुडवते. प्रेक्षकाला तिच्याविषयी आकर्षण वाटते आणि त्या आकर्षणाची थोडी लाजही वाटते. तिचा पूर्वेतिहास कळतो तो ओझरता. वयात येण्यापूर्वीच तिला तिच्या आईकडून शिंदेने विकत घेतले आणि तिच्यावर अत्याचार केले. सखारामच्या अटीला ती शुद्धीवर असताना मान तुकवू शकत नाही, म्हणून दारू पिते. या दारूकडे १९७२ सालच्या आक्षेपकांनी स्त्रीच्या अधःपाताचे दृश्य म्हणून पाहिले. खरे तर या नाटकात नकाराला उरलेली ही एकमेव वाट आहे. देह द्यावा लागणारच असेल तर त्या वेळी स्वतः तिथे नसणे. नाटकातील सर्वांत स्पष्ट बलात्काराचे वर्णन, गंमत अशी, व्यसनाच्या नावाखाली नोंदले गेले.

यानंतर लक्ष्मी परत येते. पुतण्याच्या घरी चोरीचा आळ आला, जायला दुसरी जागा नाही. सखाराम तिला हाकलायला निघतो; चंपा ठेवून घेते. घरकाम तू कर, पुरुष मी सांभाळते, अशी दोघींची वाटणी होते. उपकार चंपाचा आहे, हे प्रेक्षकाने लक्षात ठेवायला हवे, पण तो बहुधा विसरतो. कारण चंपाच्या वागण्यात उपकाराची भाषा नाही. लक्ष्मीच्या येण्याने सखारामचे पौरुष खचते, चंपा त्याला टोचून बोलते, ती दाऊदकडे जाऊ लागते. लक्ष्मीला हे कळते आणि ती ते सखारामच्या कानावर घालते. सखाराम चंपाचा गळा दाबतो. आणि मग ती सोशिक, मुंगीशी बोलणारी बाई एकदम उभी राहते. मेलेली पापी होती, देवाला सारे ठाऊक आहे, अशी तिची खात्री असते. सखारामच्या नावाचे मंगळसूत्र आपण गळ्यात बाळगले, या गोष्टीचा ती आता हक्क म्हणून उच्चार करते. जमीन खणायला लागते ती तीच. सखाराम नुसता उभा असतो.

अत्याचारित स्त्री अत्याचाराची भागीदार होते, एवढेच सांगायचे असते तर तो मानसशास्त्राचा एक धडा झाला असता. इथे काही अधिक घडते. लक्ष्मीने चंपाला दिलेली शिक्षा आणि प्रेक्षागृहाने चंपाविषयी मनात बाळगलेले मत यांत तत्त्वतः फरक नाही. नवऱ्याला मारणारी, दारू पिणारी, दोन पुरुषांशी संबंध ठेवणारी स्त्री वाईट, हे प्रेक्षकाने दुसऱ्या अंकातच ठरवलेले असते. त्याने फक्त शिक्षा उच्चारलेली नसते. लक्ष्मी ती उच्चारते, आणि त्याच शब्दसंग्रहात उच्चारते: पाप, पुण्य, देव, नवरा. आपलेच मत कुदळ घेऊन जमीन खणताना दिसते. प्रेक्षकाला सांगता न येणारी अस्वस्थता ती हीच.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल, आणि तो हलका नाही. स्त्रीवादी दृष्टीने असे म्हणता येते की शेवटी मरते ती चंपाच. बंड करणाऱ्या स्त्रीला कथानकाने ठार करावे ही मराठी नाटक-कादंबरीची जुनी चाल. तेंडुलकरांनी ती मोडली कुठे? शिवाय अडीच तास स्त्रियांची विटंबना पाहण्याचे सुख प्रेक्षकाला मिळतेच, ते घेऊन तो घरी जातो. दुसऱ्या भागाला पूर्ण उत्तर नाही. प्रयोगात हिंसेचे दृश्य कसे रचले जाते यावर ते अवलंबून आहे, आणि सखारामचे टाळीबाज संवाद वाढवून लक्ष्मीचे मौन आटोपते घेणारा प्रयोग हे नाटक पार उलटे करून टाकू शकतो. पहिल्या भागाला मात्र उत्तर आहे. कथानक चंपाला ठार करते, पण त्या मृत्यूला न्यायाचे समाधान लाभू देत नाही. रूढ रचनेत बंडखोर स्त्री मरते तेव्हा सती-सावित्रीचा संसार सावरतो. इथेही लक्ष्मीचा संसार सावरतो, अगदी रीतसर! तो प्रेतावर सावरतो, इतकेच. चाल मोडण्याऐवजी ती शेवटपर्यंत चालवून दाखवणे हा या नाटकाचा मार्ग आहे.

तेंडुलकरांच्याच दुसऱ्या दोन नाटकांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) खेळाच्या मिषाने लीला बेणारेचा छळ होतो. प्रेक्षक आधी त्या खेळात रमतो, म्हणजे त्याला गुन्ह्यात ओढण्याचे काम इथेही झाले आहे. परंतु बेणारेच्या प्रदीर्घ स्वगताने त्याची सुटका होते. तिची बाजू फक्त त्यालाच ऐकू येते, सहकलाकार गोठलेले असतात, आणि आपण काशीकर-सुखात्म्यांपैकी नाही अशी त्याची खात्री पटते. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने ते स्वगत अजरामर झाले; नाटकाची धार मात्र त्याने काहीशी बोथट केली, असे म्हणण्याचे धाडस करायला हवे. त्या स्वगतातही एक जागा अशी आहे जिथे प्रेक्षकाचा निवाडा काळाबरोबर बदलला. कोवळ्या वयात मामाशी झालेल्या संबंधाला बेणारे प्रेम म्हणते. १९६७ साली तो बहुतेकांना निषिद्ध प्रेमाचा भाग वाटला असणार. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम माहीत असलेला आजचा विद्यार्थी तिथे प्रेम वाचत नाही. तो अत्याचार वाचतो, आणि जिच्यावर तो झाला तिच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता हेही वाचतो. संहिता तीच आहे. आरोपी बदलला आहे.

‘कन्यादान’ची (१९८३) गोष्ट याहून अवघड. ज्योती देवळालीकर या समाजवादी घरातल्या मुलीला तिचा दलित कवी नवरा अरुण आठवले मारहाण करतो. वडील नाथ आपल्या आदर्शापायी आणि मुलीच्या काळजीपायी त्याच्या पुस्तकाची खोटी स्तुती करतात. ज्योती त्या खोटेपणाबद्दल वडिलांना दोषी धरून नवऱ्याकडे परत जाते. या नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि दलित समीक्षकांचा रोषही त्याने ओढवून घेतला. रोष अनाठायी होता असे म्हणता येत नाही. नाथ देवळालीकरांवर विश्वास असणाऱ्या प्रेक्षकाला ‘कन्यादान’ खरोखर हादरवते. पण ज्याने असा विश्वास कधी ठेवलाच नाही, आंतरजातीय विवाहाविषयी ज्याचे मत आधीच प्रतिकूल होते, तो त्याच खुर्चीत बसून आपले म्हणणे खरे झाल्याचे समाधान घेऊन उठतो. त्याच्या कोणत्याही निवाड्याला धक्का बसत नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत या दोन प्रकारच्या प्रेक्षकांपैकी दुसरा संख्येने कमी होता, असे मानायला आधार नाही. ‘बाइंडर’मध्ये अशी पळवाट नाही. तिथे श्रद्धाळू आणि पुरोगामी दोघांचीही अडचण होते.

प्रेक्षक हा शब्द इथवर सैलपणे वापरला गेला, मराठी नाट्यसमीक्षा नेहमीच वापरते तसा. हा प्रेक्षक म्हणजे प्रत्यक्षात शहरी, बहुतांशी उच्चवर्णीय मध्यमवर्ग. नाटक संहितेच्या रूपाने महाविद्यालयात पोचते तेव्हा वाचक बदलतो, आणि निवाडाही बदलायला हवा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, घोड नदीवरील डिंभे धरणाच्या खोऱ्यात महादेव कोळी वस्त्या आहेत. तिथून घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याने ‘बाइंडर’ वाचले तर काय होईल, हा प्रश्न समीक्षेने विचारलेला नाही. काडीमोड आणि पाट या रीती ज्या समाजांत परंपरेने मान्य होत्या, त्यांत नवऱ्याला सोडून आलेली बाई ही मुळात कलंकित व्यक्ती ठरत नव्हती. पेशवाईत तर पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही होती. सरकार ज्यावर कर घेते ते निषिद्ध कसे? अशा परंपरेतून वाचणाऱ्याला सखारामच्या घरातील लग्नाशिवायच्या संसाराने धक्का बसण्याचे कारण नाही. त्याला वेगळाच प्रश्न पडू शकतो. या बायकांना पंच का नाहीत? त्यांची जात-भावकी कुठे आहे? काडी मोडताना निदान चार माणसे साक्षीला बसत. सखाराम स्वतःच कायदा, स्वतःच साक्षीदार. विवाहसंस्थेविरुद्धचे बंड म्हणून शहरी समीक्षेने ज्याचे कौतुक केले, ती या बाजूने पाहता साक्षीदार नसलेली मालकी दिसते.

दुसरी गोष्ट छपराची. डिंभ्याच्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात; ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव त्याच्या पाण्याखाली आहे. जिथे घर जाणे म्हणजे काय हे अख्ख्या गावांनी अनुभवले, तिथल्या वाचकाला लक्ष्मीच्या परत येण्यात स्वभावापेक्षा छप्पर आधी दिसेल. नाटकातील तिन्ही माणसांचे सारे नैतिक व्यवहार एका प्रश्नावर टांगलेले आहेत: रात्री झोपायचे कुठे? चंपाचा मृत्यू झाला नसता तर लक्ष्मीला बाहेर जावे लागले असते. तिचे पापपुण्य खोटे आहे असे नव्हे. पण ते रिकाम्या जागी उभे नाही, बेघर होण्याच्या भीतीवर उभे आहे. सोशिक विरुद्ध बंडखोर अशी दोन खाने पाडून लक्ष्मी-चंपाची तुलना लिहून घेणारे अध्यापन हे पाहूच शकत नाही. ते लक्ष्मीला आधी साध्वी ठरवते, नंतर राक्षसी ठरवते, आणि दोन्ही वेळा तिला माणूस होऊ देत नाही.

कायद्यानेही हे घर अद्याप ओळखलेले नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमात विवाहसदृश संबंधांचा समावेश झाला तेव्हा सखारामच्या घराला दार सापडले असे वाटू शकले असते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ आवळला. दोघेही कायद्याने विवाहास पात्र असले पाहिजेत, समाजात पती-पत्नीसारखे राहिले असले पाहिजेत, आणि केवळ घरकामासाठी व शरीरसुखासाठी पोसलेल्या स्त्रीचा संबंध त्यात बसत नाही. लक्ष्मीचा नवरा आहे. चंपाचाही आहे. सखारामने पहिल्या प्रवेशात सांगितलेले नियम आणि न्यायालयाने वगळलेल्या संबंधाचे वर्णन यांत शब्दांचे साम्य नसेल, वस्तूचे आहे. म्हणजे नाट्यगृहात आपण ज्या दोघींविषयी मत बनवतो, त्या न्यायालयात गेल्या तर त्यांना आधी हेच सिद्ध करावे लागेल की आपण ‘तसल्या’ बायका नाही; आणि लक्ष्मी ते सिद्ध करण्यासाठी गळ्यातले मंगळसूत्र पुढे करील. चंपाकडे पुढे करायला काही नाही.